चेंडू मागावा लागतो: अमेरिकन फुटबॉलमधले रिसीव्हर स्वतःबद्दल इतके मोठ्याने का बोलतात?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन भरले आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट खेळले जाणार हे तिथे नक्की झाले. आपल्याकडे गाजावाजा झाला तो क्रिकेटचा. पण त्याच अधिवेशनात फ्लॅग फुटबॉल या खेळालाही मंजुरी मिळाली होती. अमेरिकन फुटबॉलचा हा धक्काबुक्की टाळणारा प्रकार आहे. पुढे मे २०२५ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, संघमालकांनी आपल्या खेळाडूंना ऑलिंपिकमध्ये उतरू देण्याच्या बाजूने कौल दिला. आजवर या खेळाकडे न फिरकलेल्या मराठी प्रेक्षकासमोरही त्यातले नामवंत खेळाडू आता येतील, आणि त्यांच्यातल्या काहींची एक गोष्ट त्याला पहिल्या दिवसापासून खटकेल अशी शक्यता आहे.

ती गोष्ट म्हणजे रिसीव्हर या जागेवर खेळणाऱ्यांची स्वतःबद्दलची बेधडक भाषा. मला कोणी अडवू शकत नाही, आजच्या घडीला माझ्याइतका चांगला खेळाडू नाही, चेंडू माझ्याकडे टाका म्हणजे सामना जिंकू, अशी विधाने ते कॅमेऱ्यासमोर, नाव-गाव घेऊन, सामन्याच्या आधी करतात. आपल्या तोंडाने आपले कौतुक करू नये, हे लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाला हा निव्वळ उद्दामपणा वाटतो. काही वेळा तो तसा असतोही. परंतु या बोलण्याचा मोठा भाग स्वभावापेक्षा कामाच्या स्वरूपातून येतो, आणि ते काम समजून घेतल्याशिवाय त्या बोलण्याचा न्याय करता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

रिसीव्हरचे काम काय असते

मैदान १०० यार्ड लांब, म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि ५३ यार्डांहून किंचित जास्त रुंद असते. दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे पट्टे असतात. चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या पट्ट्यात पोहोचले की टचडाउन होतो आणि सहा गुण मिळतात. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. तेवढे सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्या संघाकडे जातो.

पुढे सरकण्याचे दोन मार्ग आहेत: चेंडू काखेत घेऊन धावणे किंवा तो पुढे फेकणे. फेकणारा तो क्वार्टरबॅक, झेलणारा तो रिसीव्हर. रिसीव्हर मैदानाच्या कडेजवळ उभा राहतो आणि खेळ सुरू होताच आधी ठरलेल्या मार्गाने धावतो: सरळ, मग अचानक आत किंवा बाहेर वळून. त्याला रोखण्याची जबाबदारी प्रामुख्याने ज्याच्यावर असते त्याला कॉर्नरबॅक म्हणतात. पहिल्या पाच यार्डांत कॉर्नरबॅक त्याला हाताने धक्का देऊन लय बिघडवू शकतो. त्यापुढे तसे करण्यास १९७८ पासून मनाई आहे, आणि तेव्हापासून हा खेळ फेकीकडे झुकत गेला. एवढी माहिती या लेखापुरती पुरेशी आहे.

आता मुख्य अडचण पाहू. एका सामन्यात एखाद्या संघाचे साधारण ६० ते ६५ डाव, म्हणजे चेंडू पुढे नेण्याचे प्रयत्न, होतात. रिसीव्हर त्यांतील बहुतेक डावांत जीव तोडून धावतो, पण चेंडू त्याच्याकडे येतो तो मोजक्या वेळा. न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या मायकेल थॉमसने २०१९ च्या हंगामात १४९ झेल घेऊन विक्रम केला. त्या हंगामातल्या १६ सामन्यांत मिळून १८५ वेळा चेंडू त्याच्या दिशेने फेकला गेला होता. म्हणजे विक्रमवीराच्याही वाट्याला सामन्यामागे बारापेक्षा कमी संधी आल्या. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या रिसीव्हरला त्याहून कितीतरी कमी मिळतात. उरलेले धावणे बचावपटूंना दुसरीकडे ओढून नेण्यासाठी असते, आणि त्याची नोंद कुठल्याही तक्त्यात सापडत नाही.

चेंडू कोणाकडे फेकायचा हे क्वार्टरबॅक सुमारे तीन सेकंदांत ठरवतो. समोरून शंभर-सव्वाशे किलो वजनाची माणसे अंगावर येत असताना तो एका रिसीव्हरकडे पाहतो, तो अडकलेला दिसला तर दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. अशा वेळी नजर ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडेच आधी वळते. हा विश्वास कमावणे हे रिसीव्हरचे अर्धे काम आहे. म्हणूनच प्रत्येक डावानंतर माघारी येताना तो क्वार्टरबॅकला सांगतो की मी मोकळा होतो, माझ्याकडे टाक. फलंदाजाला चेंडू गोलंदाज टाकतोच. त्याला तो मागावा लागत नाही. रिसीव्हरला मागावा लागतो, आणि जो स्वतःबद्दल साशंक आहे त्याला तो फार काळ मागता येत नाही.

सुटलेल्या झेलानंतरचा पुढचा चेंडू

स्लिपमध्ये उभा राहणारा क्षेत्ररक्षक आपल्या ओळखीचा आहे. सत्रभर काही घडत नाही, मग एक झेल येतो, तो सुटतो, आणि पुढच्या चेंडूला पुन्हा तितक्याच एकाग्रतेने वाकून उभे राहावे लागते. रिसीव्हरची अवस्था तशीच असते. फरक एवढाच की धावता धावता झेल घेत असताना पाठीमागून एक माणूस त्याच्यावर आदळण्याच्या तयारीत असतो.

३ जानेवारी १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्स आणि ग्रीन बे पॅकर्स यांच्यात बाद फेरीचा सामना झाला. फॉर्टीनायनर्सचा तरुण रिसीव्हर टेरेल ओवेन्स त्या दिवशी अतिशय वाईट खेळत होता. त्याच्या हातातून एकामागून एक झेल निसटले होते, एकदा तर हातात आलेला चेंडूही गमावला होता. शेवटचे आठ सेकंद उरले तेव्हा संघ चार गुणांनी मागे होता आणि २५ यार्ड जायचे होते. क्वार्टरबॅक स्टीव्ह यंग चेंडू घेऊन मागे सरकताना अडखळला, सावरला आणि मध्यावर, बचावपटूंच्या घोळक्यात, त्याने चेंडू फेकला तो ओवेन्सकडे. दोन्ही बाजूंनी अंगावर येणाऱ्यांमध्ये ओवेन्सने तो झेल धरून ठेवला आणि संघ ३०-२७ असा जिंकला. त्यानंतर मैदानाच्या कडेला प्रशिक्षकाच्या मिठीत तो हमसून हमसून रडला.

सामना संपत आला असताना, दिवसभर झेल सोडलेल्या माणसाने पुन्हा त्याच घोळक्यात पूर्ण वेगाने शिरावे आणि चेंडू आपल्याकडेच येणार असे समजून हात पुढे करावेत, हे काम भिडस्त मनाला झेपणारे नाही. तो चुकलेले झेल मनात घोळवत धावला असता तर एक पाऊल मागे पडला असता, आणि या खेळात एक पाऊल म्हणजे सर्व काही असते. हाच ओवेन्स पुढे एनएफएलमधला सर्वांत वाचाळ खेळाडू म्हणून ओळखला गेला. त्याच्या बोलण्यावर टीका करणाऱ्यांनी त्या दिवसाचे चित्रीकरण जरूर पाहावे.

नुसते बोलल्याने आत्मविश्वास येतो का

येत नाही. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमता ही कल्पना मांडली. एखादे विशिष्ट काम विशिष्ट परिस्थितीत आपल्याला जमेल हा विश्वास, असा तिचा सरळ अर्थ आहे. आपण एकूण थोर आहोत ही भावना वेगळी आणि हा तिरका झेल आपल्याला घेता येईल ही खात्री वेगळी. बँड्युरा यांच्या मते ही खात्री चार ठिकाणांहून येते: स्वतः ते काम यशस्वीपणे केल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणे, कोणीतरी शब्दांनी दिलेला धीर, आणि शरीराची त्या क्षणाची अवस्था. यांपैकी पहिला स्रोत सर्वांत बळकट आहे. शब्द त्यामानाने दुबळे असतात; त्यांच्यामागे अनुभव नसेल तर पहिल्याच अपयशात ते गळून पडतात.

नव्या खेळाडूंच्या १९९६ च्या वार्षिक निवडीत ओवेन्स तिसऱ्या फेरीत, ८९ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्या संघात आधीपासून जेरी राइस होता. कारकिर्दीत झेलांवर मिळवलेल्या २२,८९५ यार्डांचा त्याचा विक्रम आजही कोणाच्या आवाक्यात आलेला नाही. हंगाम नसतानाच्या महिन्यांत राइस एका लांब, खड्या चढाच्या टेकडीवर रोज धावत असे, आणि त्याच्याबरोबर धावायला आलेले कित्येक व्यावसायिक खेळाडू अर्ध्यावर थांबत, हे अमेरिकेत सर्वश्रुत आहे. ओवेन्सने पाच हंगाम त्याला जवळून पाहिले. डिसेंबर २००० मध्ये, शिकागो बेअर्सविरुद्धच्या ज्या सामन्यात घरचे प्रेक्षक राइसला निरोप देत होते, त्याच सामन्यात ओवेन्सने २० झेल घेतले. तो त्यावेळचा विक्रम ठरला. पहिला आणि दुसरा हे दोन्ही स्रोत त्याच्याकडे भरपूर होते. लोकांच्या कानांवर मात्र तिसराच पडत होता.

याच संदर्भात आणखी एक संशोधन सांगण्याजोगे आहे. मिशिगन विद्यापीठातील ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये असे दाखवले की ताणाच्या प्रसंगी मनातल्या मनात ‘मी’ म्हणण्याऐवजी स्वतःला नावाने किंवा ‘तू’ म्हणून संबोधणाऱ्यांना तो ताण तुलनेने चांगला हाताळता येतो, कारण स्वतःकडे थोडे दुरून पाहता येते. नामांकित रिसीव्हर स्वतःबद्दल तिसऱ्याच कोणाबद्दल बोलावे तसे नाव घेऊन बोलतात, तेव्हा ते कानाला विचित्र वाटते. त्यामागे हा उपयोगही असू शकतो.

प्रतिस्पर्ध्याला आव्हान देऊन काय साधते

सिनसिनाटी बेंगल्सचा चॅड जॉन्सन या बाबतीत सर्वांच्या पुढे होता. त्याच्या जर्सीचा क्रमांक ८५. २००५ च्या हंगामात त्याने आपल्या लॉकरपाशी एक तक्ता लावला: ‘२००५ मध्ये ८५ ला कोणी अडवले?’ त्याखाली हंगामभर समोर येणाऱ्या कॉर्नरबॅकची नावे, आणि नावापुढे हो की नाही याची नोंद. लॉकररूममध्ये पत्रकारांचा वावर असल्याने ती यादी देशभर पोहोचली. एखाद्या कर्मचाऱ्याने वर्षभराचे आपले मूल्यमापन कार्यालयाच्या दारावर चिकटवावे, असाच हा प्रकार होता. त्या वर्षी त्याने १,४३२ यार्ड मिळवले आणि बेंगल्सने पंधरा वर्षांत प्रथमच विजयांची संख्या पराभवांपेक्षा जास्त असलेला हंगाम पाहिला.

या तक्त्याकडे मी प्रतिस्पर्ध्याचा अपमान म्हणून पाहत नाही. त्याने स्वतःच्या पळवाटा बंद केल्या होत्या. गाजावाजा करून मैदानात उतरणाऱ्याला आज अंग ठीक नव्हते असे म्हणून सुटका मिळत नाही. डाव अंगाशीही येतो: त्याआधीच्या वर्षी जॉन्सनने क्लीव्हलँड ब्राउन्सच्या बचावपटूंना पोटदुखीच्या औषधाच्या बाटल्या पाठवल्या होत्या, आणि तो सामना ब्राउन्सने जिंकला. जॉन्सनला त्या दिवशी मोजकेच झेल मिळाले. त्यानंतर त्याला जे ऐकावे लागले तेही त्याने जाहीरपणेच ऐकून घेतले.

पैशाचा भाग

एनएफएलमधले करार वर्तमानपत्रांत दिसतात तितके पक्के नसतात. कराराच्या रकमेचा एक भाग हमीचा असतो. उरलेली रक्कम खेळाडू संघात राहिला तरच मिळते आणि संघ त्याला मध्येच सोडू शकतो. मिनेसोटा व्हायकिंग्जच्या जस्टिन जेफरसनने २०२४ मध्ये चार वर्षांसाठी १४ कोटी डॉलरचा करार वाढवून घेतला. त्यातही हमीची रक्कम ११ कोटी होती, आणि हे त्या वेळी या व्यवसायातले वरचे टोक होते.

मघाशी उल्लेख केलेला मायकेल थॉमस पाहा. समाजमाध्यमावर त्याने स्वतःचे नावच ‘माइकला अडवता येत नाही’ अशा अर्थाचे घेतले होते, आणि २०१९ मध्ये ते अक्षरशः खरे होते. २०२० च्या पहिल्याच सामन्यात त्याचा घोटा दुखावला. २०२१ चा संपूर्ण हंगाम त्याला बाहेर बसावे लागले, आणि त्यानंतर एकाही हंगामात तो ५०० यार्डांपर्यंत पोहोचू शकला नाही. वयाच्या सव्विसाव्या वर्षी शिखरावर असलेला माणूस सत्ताविसाव्या वर्षी उतरणीला लागतो, अशा व्यवसायात आपली किंमत आपणच वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत सांगणे हा व्यवहार आहे. त्याला मी हाव म्हणणार नाही.

मग संघाचे काय?

हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, आणि तो खोडून काढण्याचा माझा हेतू नाही. ओवेन्सच्याच कारकिर्दीत त्याच्या दोन्ही बाजू सापडतात.

२००४ मध्ये तो फिलाडेल्फिया ईगल्समध्ये आला आणि चौदा सामन्यांत चौदा टचडाउन करून संघाला अव्वल केले. १९ डिसेंबर रोजी त्याला मागून मानेजवळ जर्सीला धरून खाली ओढले गेले. पायाचे हाड मोडले, घोट्याचे स्नायूबंध फाटले आणि शस्त्रक्रियेत स्क्रू बसवावे लागले. सात आठवड्यांनी सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, होता. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी खेळण्यास संमती दिली नव्हती. ओवेन्स आपण खेळणार असे सांगत राहिला आणि खेळला. त्याने नऊ झेल घेऊन १२२ यार्ड मिळवले. ईगल्स न्यू इंग्लंड पॅट्रियट्सकडून २४-२१ असे हरले, पण त्या दिवशी ओवेन्सने संघासाठी काही कमी केले असे म्हणण्याची सोय नाही.

आणि मग त्याच माणसाने पुढच्या काही महिन्यांत त्या संघाचे वातावरण बिघडवले. सुमारे चार कोटी ९० लाख डॉलरच्या सात वर्षांच्या कराराचे एकच वर्ष झाले असताना त्याने तो बदलून मागितला; तो मिळेना, तेव्हा त्याने व्यवस्थापनावर जाहीर टीका केली, आणि त्याहून वाईट म्हणजे आपला क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅब याच्यावर. नोव्हेंबर २००५ मधील एका मुलाखतीत, मॅकनॅबऐवजी ग्रीन बे पॅकर्सचा क्वार्टरबॅक ब्रेट फाव्ह्र असता तर संघाची स्थिती चांगली असती, या सूचनेला त्याने होकार भरला. संघाने त्याला चार सामन्यांसाठी निलंबित केले आणि उरलेल्या हंगामात मैदानाबाहेर ठेवले. लवादाने संघाची बाजू उचलून धरली. आदल्या वर्षी १३ सामने जिंकलेल्या ईगल्सने त्या वर्षी सहाच जिंकले. मॅकनॅबची दुखापतही त्याला कारणीभूत होती, हे सांगितले पाहिजे.

माझ्या दृष्टीने रेषा इथे आहे. प्रतिस्पर्ध्याला उद्देशून मी तुला हरवीन असे म्हणणे हा स्पर्धेचा भाग आहे. आपल्याला चेंडू देणाऱ्या सहकाऱ्याला लोकांसमोर कमी लेखणे म्हणजे ज्या विश्वासावर आपले काम उभे आहे त्याच्यावर घाव घालणे. दोन्ही वेळा आवाज तेवढाच मोठा असतो, म्हणून बाहेरच्याला ते एकसारखे वाटते.

न बोलता मोठे झालेले नाहीत का?

आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. ॲरिझोना कार्डिनल्सचा लॅरी फिट्झजेराल्ड १,४३२ झेलांसह राइसच्या पाठोपाठ दुसरा आहे आणि त्याच्या सौजन्याचे दाखले दिले जातात. इंडियानापोलिस कोल्ट्सचा मार्विन हॅरिसन क्वचितच बोलत असे. डेट्रॉइट लायन्सच्या कॅल्विन जॉन्सनने २०१२ मध्ये १,९६४ यार्डांचा विक्रम केला तोही फारसा आवाज न करता. बोलणे ही अट नाही, हे यावरून सिद्ध होते. आत्मविश्वास ही अट नाही, हे मात्र सिद्ध होत नाही. फिट्झजेराल्डही चेंडू मागतच होता.

कोणाचा अभिमान लोकांना चालतो

जानेवारी १९६९ मध्ये न्यूयॉर्क जेट्सचा क्वार्टरबॅक जो नेमथ याने तिसऱ्या सुपर बोलच्या आधी मायामीतल्या एका समारंभात विजयाची हमी दिली. जेट्स जिंकतील असे जवळपास कोणालाच वाटत नव्हते. ते १६-७ असे जिंकले, आणि ती हमी आज अमेरिकन क्रीडाविश्वातली लाडकी दंतकथा आहे. नेमथ गोरा होता.

१९ जानेवारी २०१४ रोजी सिएटल सीहॉक्सचा कॉर्नरबॅक रिचर्ड शर्मन याने सामन्याच्या अखेरच्या क्षणी मायकेल क्रॅबट्री या रिसीव्हरकडे जाणारा चेंडू हाताने उडवला, तो सहकाऱ्याने पकडला, आणि सीहॉक्स सुपर बोलमध्ये पोहोचले. त्यानंतर लगेच मैदानावरच घेतलेल्या मुलाखतीत, आपण सर्वोत्तम कॉर्नरबॅक आहोत आणि क्रॅबट्री सुमार रिसीव्हर आहे, असे तो ओरडून बोलला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पदवीधर असलेल्या या कृष्णवर्णीय खेळाडूला पुढचे कित्येक दिवस ‘गुंड’ म्हटले गेले. वंशवाचक शिवी उघड देता येत नाही म्हणून हा शब्द वापरला जातो, असे त्याने त्यावर शांतपणे सुनावले. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. आज रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक या जागांवर बहुसंख्य तेच आहेत. ज्यांना खेळू दिले हेच पुष्कळ असे अनेक वर्षे भासवले गेले, त्यांच्या वारसांनी आपण सर्वोत्तम आहोत असे म्हटले की काहींच्या कानाला ते जास्त टोचते. ही बाब वगळून या विषयावर बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

लीगचे धोरणही हेलकावे खात आले आहे. टचडाउननंतरच्या जल्लोषावर १९८४ पासून निर्बंध आले, २००६ मध्ये ते कडक झाले, आणि २०१७ मध्ये सामूहिक नृत्याला व चेंडू वापरून केलेल्या करमणुकीला पुन्हा मुभा मिळाली. प्रतिस्पर्ध्याच्या तोंडासमोर जाऊन खिजवल्यास आजही १५ यार्डांचा दंड होतो.

हॉल ऑफ फेमचा दरवाजा

या सगळ्या वादाचा निकाल कुठे लागतो, तर ओहायोतील कँटन या गावी, या खेळातल्या श्रेष्ठांचा कायमचा सन्मान करणाऱ्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये. तिथली निवड बहुतांशी क्रीडा पत्रकारांची समिती करते आणि ती मैदानावरच्या कामगिरीवरून व्हावी अशी अपेक्षा असते. २०१६ मध्ये ओवेन्स पहिल्यांदा पात्र ठरला तेव्हा १५,९३४ यार्डांसह तो इतिहासात फक्त राइसच्या मागे होता. त्या वर्षी त्याला नाकारले गेले, २०१७ मध्येही नाकारले गेले, आणि २०१८ मध्ये घेतले गेले. लॉकररूममधली वागणूकही संघाच्या निकालावर परिणाम करते, म्हणून ती मोजली पाहिजे, असा काही मतदारांचा युक्तिवाद होता. निषेध म्हणून ओवेन्स कँटनच्या समारंभाला गेला नाही. ४ ऑगस्ट २०१८ रोजी तो टेनेसीतील चॅटनूगा इथे, आपल्या जुन्या विद्यापीठात, स्वतंत्रपणे बोलला.

त्याच २०१८ च्या तुकडीत रँडी मॉस हा रिसीव्हरही होता, आणि तो पहिल्याच वर्षी निवडला गेला. मॉसचे यार्ड ओवेन्सपेक्षा कमी होते, टचडाउन झेल तीनने जास्त होते, आणि एकदा तर आपला संघ हरत असताना शेवटचे दोन सेकंद बाकी असतानाच तो मैदान सोडून निघून गेला होता. आकड्यांवरून या दोघांत दोन वर्षांचे अंतर पाडता येत नाही. २००५ मध्ये फिलाडेल्फियात ओवेन्स चुकला होता आणि त्याची शिक्षा त्याला त्याच वर्षी, मैदानाबाहेर बसून, मिळाली होती. दहा वर्षांनी मतपेटीतून ती पुन्हा देण्याचा अधिकार समितीला नव्हता, असे मला वाटते.